मुलांची अडलेली गणितं परत करा

मालाडच्या एका क्लासचालकास खुले पत्र

माननीय सर,

मालाड स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की होर्डिंगवर पहिलं दर्शन तुमचं होतं. हाताची घडी, निळा कोट, आणि पायाशी मुलांच्या पासपोर्ट फोटोंच्या रांगा. प्रत्येक फोटोखाली पर्सेंटाइल: ९९.८, ९९.६, ९९.४. त्याच वर्षी, त्याच बॅचमध्ये, तेवढीच फी भरून बसलेली बाकीची मुलं त्या होर्डिंगवर कुठेच नाहीत. त्यांतली काही माझ्या ओळखीची आहेत. पत्र त्यांच्या वतीनं लिहिते आहे.

तुमचं नाव लिहीत नाही. तुमच्यासारखे सोमवार बाजारापासून एव्हरशाइन नगरपर्यंत आणि रुळांपलीकडे कुरारपर्यंत पसरलेले आहेत. हे वाचून ज्याला राग येईल, त्याच्यासाठीच हे पत्र; पाकिटावर पत्ता लागणार नाही.

आरोप एकच आहे. तुम्ही मुलांना गणित सोडवू देत नाही.

हे ऐकून तुम्ही लगेच मॉड्यूल काढून दाखवाल. विटेएवढी जाड पुस्तकं, रोजच्या सरावाची डीपीपी, दर रविवारी टेस्ट, भिंतीवर रँक लिस्ट. गणितांचा तुमच्याकडे तुटवडा नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती गणितं सोडवतं कोण? तुम्ही सोडवता. तुम्ही फळ्यावर प्रश्न लिहिता, मुलांचा वाचून व्हायच्या आत 'डेटा' लिहिता, फॉर्म्युल्याला चौकट घालता, किमती टाकता, उत्तराखाली दोन रेघा ओढता आणि डस्टर फिरवता. पोर्शन पुढे सरकतो. पोरं मान खाली घालून उतरवतात. घरी जे शीट मिळतं त्यात तीच गणितं आकडे बदलून आलेली असतात, म्हणजे तिथेही किमती टाकण्यापलीकडे काम उरत नाही. एखादं अडलंच, तर फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. तुमच्या 'डाउट काउंटर'वर बसलेला इंजिनिअरिंगचा पोरगा दोन मिनिटांत सगळी रीत लिहून पाठवतो. पटकन उत्तर देतो म्हणून आईबाप खूश, मुलगा खूश, आणि तुम्ही त्याचीही जाहिरात करता.

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाल्यावर सोसायटीतली मुलं संध्याकाळी वह्या घेऊन घरी येऊ लागली, म्हणून तुमच्या विद्यार्थ्यांच्या वह्या मला पाहायला मिळतात. अक्षर सुरेख, समास आखलेला, एकही खोड नाही. गणिताच्या वहीत खाडाखोड नसली की मला भीती वाटते. ज्यानं स्वतः गणित सोडवलं आहे त्याच्या रफ वहीत चुकीची आकृती असते, तिच्यावर काट असते, मधेच सोडलेलं समीकरण असतं, कोपऱ्यात बाण विरुद्ध दिशेला काढून पाहिलेला असतो. ती पानं तुमच्या वह्यांतून गायब आहेत. पुली आणि दोन वजनांच्या गणिताचा फॉर्म्युला तुमची मुलं झोपेत म्हणतात. तीच पुली वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये टांगली की पेन थांबतं, कारण दोरीत ताण का येतो याचा विचार त्यांना कधी करावाच लागला नाही.

तुमच्याच 'टॉपर्स' बॅचमधल्या एका मुलीची गोष्ट सांगते. अकरावीत आहे. चुणचुणीत आहे. तिला मी एक साधं गणित घातलं. मालाड स्टेशनहून मढला जायचं आहे, अंतर सोयीसाठी १० किलोमीटर धर. पहिले ५ किलोमीटर मार्वे रोडच्या गर्दीत ताशी १० किलोमीटरनं गेले. सबंध प्रवासाचा सरासरी वेग ताशी २० यायला हवा, तर उरलेले ५ किलोमीटर किती वेगानं जावं लागेल?

तिनं मला पुरतं बोलूही दिलं नाही. "मॅडम, समान अंतर आहे ना? सरांची ट्रिक आहे." ट्रिक बरोबर होती. दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट, भागिले त्यांची बेरीज. दुसऱ्या वेगाला क्ष मानून तिनं झरझर किमती टाकल्या. २०० + २०क्ष = २०क्ष. दोन्हीकडचे २०क्ष गेले आणि कागदावर उरलं, २०० = ०. तिनं खोडलं. पुन्हा मांडलं. पुन्हा २०० = ०. मग ती ठामपणे म्हणाली, "प्रश्न चुकलाय." आणि फोटो काढायला तिचा हात फोनकडे गेला.

फोन मी बाजूला ठेवायला लावला. ती वैतागली. बराच वेळ नुसती बसून राहिली, पेनचं टोपण उघडमीट करत. मी काही बोलले नाही. मग तिनं एक आडवी रेघ ओढली, मधोमध तिचे दोन भाग केले, दोन्हीकडे ५ लिहिलं. पहिल्या भागाखाली वेळ लिहिला, अर्धा तास. मग सबंध रेघेखाली लिहिलं, १० किलोमीटर, ताशी २०, म्हणजे अर्धा तास. आणि पेन थांबलं.

"मॅडम, वेळ तर संपलाच की! आता विमानानं गेलं तरी नाही जमणार."

२०० = ० ही ओळ चुकलेली नव्हतीच, सर. तेच उत्तर होतं. असा वेग नाही, असं ते समीकरण तिला सांगत होतं आणि तिला ते ऐकू येत नव्हतं, कारण तुम्ही तिला समीकरणाकडून फक्त आकडा घ्यायला शिकवलं आहे.

पुढचं तर मी सुचवलंही नव्हतं. ती स्वतःहून म्हणाली, पहिला टप्पा थोडा जास्त वेगानं गेलो असतो तर? ताशी १५ धरलं, तर दुसरा टप्पा ३० नं जावं लागतं. १२ धरलं, तर ६० नं. ११ धरलं, तर एकदम ११०! तिनं खाली खाली आकडे लिहिले आणि १० च्या समोर जागा रिकामी सोडली. पहिला वेग १० च्या जवळ जवळ सरकतो तसा दुसरा वेग हाताबाहेर जातो, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सीमेचा, म्हणजे लिमिट्सचा धडा तुम्ही तिला आधीच 'कम्प्लीट' करून दिलेला आहे. तो धडा कशाबद्दल होता हे तिला त्या संध्याकाळी माझ्या जेवणाच्या टेबलावर कळलं. ती जे नुसतं बसून राहिली होती, टोपण उघडमीट करत, तेवढ्या वेळात हे सगळं घडलं. तेवढाच वेळ तुम्ही मुलांकडून काढून घेता, आणि त्याबद्दल लाखांच्या घरातली फी घेता.

जयंत नारळीकरांनी आपल्या लहानपणची एक हकिकत लिहून ठेवली आहे. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, शिकायला त्यांच्या घरी येऊन राहिले होते. घरात फळा होता. मामा त्यावर एखादं अवघड गणित लिहायचे आणि वर शीर्षक द्यायचे, 'चॅलेंज प्रॉब्लेम फॉर जेव्हीएन'. सुटेपर्यंत, नाहीतर भाच्यानं हार मानेपर्यंत, ते तिथेच राहायचं. जाता-येता दिसायचं. मामांना उत्तर येत नव्हतं असं थोडंच आहे? त्यांनी ते सांगितलं नाही, आणि सगळं शिकवणं त्या न सांगण्यात होतं. तुम्ही त्या घरी शिकवणीला असता, तर पाचव्या मिनिटाला फळा पुसून दुसरं गणित लिहिलं असतंत.

प्राध्यापकाच्या घरात काय हो, फळाही असतो आणि मामाही, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरं आहे. मालवणीत किंवा कुरारमध्ये एका खोलीत पाच माणसं राहतात, तिथे भिंतीवर गणित लिहून ठेवायला भिंत मोकळी नसते. आईबाप सकाळच्या लोकलला लोंबकळत जातात, रात्री येतात. मुलाला शांत बसायला जागा आणि विचारायला माणूस मिळावा म्हणून ते कर्ज काढून तुमच्याकडे येतात. रात्री दहापर्यंत तुमचे दिवे चालू असतात, पंखा असतो, बाक असतो, हे मी नाकारत नाही. म्हणूनच माझा राग मोठा आहे. ज्या मुलाच्या घरी फळा नाही, त्याचा फळा तुमच्या ताब्यात आहे, आणि तुम्ही तो दर पाच मिनिटांनी पुसता.

साधनांशिवायही गणिताचा नाद लागतो, हे पाहायला शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर घ्या. जन्म १९०५चा. फर्ग्युसनमधून पदवी घेतली आणि देवळालीला शाळेत शिकवण्यात सगळी नोकरी गेली. पुढची पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. संख्यांशी त्यांचा जो खेळ चाले, त्यात १९४९ साली ६१७४ जगापुढे आली. सगळे सारखे नसलेले कोणतेही चार अंक घ्या, उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. मी हे मुलांना आपल्या पिनकोडवर करायला लावते. मालाड पश्चिम ४०००६४, शेवटचे चार अंक ००६४. ६४०० वजा ००४६, ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ६१७४चं पुन्हा केलं तर पुन्हा ६१७४. पूर्वेची मुलं ४०००९७ वरून ००९७ घेतात आणि एक पायरी आधी पोचतात, त्यावरून भांडणं होतात. मग प्रत्येक जण आपलं जन्मसाल, बाबांच्या गाडीचा नंबर घेऊन बसतो. सातपेक्षा जास्त पायऱ्या कधी का लागत नाहीत, हे एखादी पोर विचारतेच. यावर इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत, सीईटीत, प्रश्न येत नाही, म्हणून तुमच्या मॉड्यूलमध्ये कापरेकर नाहीत. पण संख्या उलटीसुलटी करून पाहायची खोड एकदा लागली, की तीच पुढे समीकरणांत कामाला येते, आणि ती लावायला पैसा लागत नाही.

तुमचं हुकमी उत्तर मला पाठ आहे. "मॅडम, परीक्षा आम्ही काढत नाही." बरोबर. सीईटीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रश्नाला १०८ सेकंद. एवढ्या घाईत रेघ ओढून बसायला सवड नाही, हे मान्य. पण ५४ सेकंदांत उत्तर कोणाला येतं? ज्यानं तसल्या प्रश्नाशी आधी कधीतरी तासभर झटापट केली आहे त्याला. ट्रिक पाठ केलेल्याला फक्त ट्रिकचाच प्रश्न येतो. आता दुसऱ्या टोकाची परीक्षा बघा. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९९६ साली आपल्या मुंबईत झालं होतं, भौतिकशास्त्राचं २०१५ साली झालं. गणिताच्या ऑलिंपियाडमध्ये एका दिवशी तीन प्रश्न आणि साडेचार तास असतात. प्रश्नाला दीड तास! जगभरातून निवडून आलेल्या हुशार मुलांना दीड तास लागू शकतो असं तिथली मंडळी धरून चालतात, आणि तुम्ही मालाडच्या मध्यम मुलाला पहिल्या दिवसापासून सांगता की एक मिनिटात सुटलं नाही तर सोड, पुढे जा. परीक्षेच्या दिवशी हा सल्ला योग्य आहे. दोन वर्षं रोज हाच सल्ला दिला तर मुलगा पुढेच जात राहतो, आणि अडल्या जागी थांबण्याची ताकदच त्याच्यात येत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात एम-वन (गणित) आणि मेकॅनिक्समध्ये नापास होऊन केटी लागलेली तुमची मुलं माझ्याकडे परत येतात, तेव्हा हेच सांगतात. तिथे ट्रिक देणारं कोणी नसतं.

कॉलेजबद्दल तर बोलायलाच नको. 'इंटिग्रेटेड' या नावाखाली मुलाचं नाव कॉलेजच्या पटावर आणि मुलगा दिवसभर तुमच्याकडे. जून २०१८ मध्ये सरकारनं बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय काढला तो याचसाठी. बारावीच्या भौतिकशास्त्रात ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे. त्या ३० गुणांसाठी येणारी जर्नल मी तपासलेली आहेत. मीटर ब्रिजच्या एका निरीक्षणात कोणा सीनिअरनं दशांश चिन्ह एक घर पुढे दिलेलं होतं. तेच चुकलेलं चिन्ह एका गठ्ठ्यातल्या जर्नलमागून जर्नलमध्ये, त्याच ओळीत. त्या मुलांनी तारेवर जॉकी सरकवून गॅल्व्हनोमीटरचा काटा शून्यावर येताना पाहिलेला नाही. त्यामागच्या व्हीटस्टोन ब्रिजचं गणित मात्र त्यांना ट्रिकनं येतं.

आणि आठवीची तुमची ती 'फाउंडेशन' बॅच. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं मार्गदर्शक सूचना काढल्या, १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नका, रँकची हमी देऊ नका. त्या सूचना निघाल्यावर तुमच्या होर्डिंगवर काय बदललं? कोट.

आता पेपरफुटीचं. १२ मार्च २०२२ला बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर होता. विलेपार्ल्याच्या एका केंद्रावर उशिरा आलेल्या मुलीच्या फोनमध्ये त्या पेपरातले प्रश्न सापडले, आणि पोलिसांनी अटक केली ती आपल्या मालाडमधल्या खासगी क्लासच्या शिक्षकाला. पुढच्या वर्षी ३ मार्चला बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाकडून बारावीच्या गणिताच्या पेपराची पानं बाहेर आली. त्या दोन्ही वेळा तुम्ही बातमी शेअर करून खाली 'शॉकिंग' लिहिलंत. तुम्ही पेपर फोडत नाही, हे मला माहीत आहे, आणि त्या माणसांत आणि तुमच्यात मी फरक करते. पण जी मुलगी तो फोन हातात घेऊन उभी होती, तिला दोन वर्षं कोणीतरी शिकवलं होतं की प्रश्न म्हणजे आधीच कुठेतरी सोडवून ठेवलेली गोष्ट, आपण फक्त ती मिळवायची. हे शिक्षण तुमच्या वर्गात रोज उघडपणे दिलं जातं आणि त्याला कलम लागत नाही.

आता मागणी. फी परत करा असं मी म्हणत नाही, ती तुम्ही करणारही नाही. आठवड्यातला एक दुपारचा स्लॉट द्या, शनिवारचा. अकरावीची बॅच, तीनच गणितं, आणि तुम्ही खडूला हात लावायचा नाही. फोन दाराशी टोपलीत. शेजाऱ्याशी बोलायला, भांडायला, दुसऱ्याची आकृती खोडून आपली काढायला पूर्ण मुभा. ज्याचं सुटलं त्यानं उत्तर ओरडून सांगायचं नाही. जे सुटणार नाही ते फळ्यावर आठवडाभर राहू द्या, बाकीच्या बॅचनाही जाता-येता दिसू द्या, सफाईवाल्या मावशींना फळा पुसू नका असं सांगून ठेवा. एच. सी. वर्मांच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात स्वाध्यायाखाली नुसती उत्तरं आहेत, रीत नाही. त्या रीतीची जी पुस्तिका तुम्ही छापून विकता ती बंद करा. आठवडाभरानंतरही कोणाला आलं नाही, तर रीत सांगू नका, पुढची एकच पायरी सांगा आणि पुन्हा गप्प बसा. शिकवणाऱ्याला गप्प बसणं फार जड जातं. मला अजूनही जातं. पण त्यासाठीच तुम्हाला फी मिळते आणि मला पगार मिळायचा.

पहिले काही शनिवार मुलं चिडतील, पालकांचे फोन येतील की सर शिकवत नाहीत. ते फोन माझ्याकडे वळवा, मी बोलेन त्यांच्याशी. सोसायटीतले निम्मे मला ओळखतात.

येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता मी येते आहे. तीन गणितं लिहून आणते. मागच्या बाकाजवळ एक खुर्ची ठेवा, आणि शेजारी दुसरी तुमच्यासाठी.

आपली,
मालाड पश्चिमेतली एक निवृत्त शिक्षिका